सवलत आणि प्रयोगशाळा

माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेचे जे वेळापत्रक राज्य मंडळ दरवर्षी प्रसिद्ध करते, त्यात गणिताच्या जोडीला नुसते ‘अंकगणित’ आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जोडीला ‘शरीरक्रियाशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ असे दोन विषय छापलेले असतात, व दोहोंपुढे ते केवळ पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहेत अशी टीप असते. ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांची दृष्टी या टिपेवरून सहज पुढे जाते. ज्यांच्या घरी आहे त्यांना ती सरकारच्या औदार्याची खूण वाटते. आणि खेड्यातील अंध, कर्णबधिर वा अस्थिव्यंग मुलांच्या शिक्षणाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या मंडळींत मात्र या एका टिपेवरून दोन तट पडलेले आढळतात. त्या दोन तटांचे म्हणणे समोरासमोर ठेवावे, एवढ्याचसाठी पुढील संवाद रचला आहे. त्यातील नानासाहेब हे गटशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शाळातपासणीत हयात घालवलेले गृहस्थ. आणि बाई या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका, कोणत्याही एका शाळेच्या नव्हेत, तालुकाभर फिरणाऱ्या. दोघेही कोणा विशिष्ट व्यक्तीची चित्रे नव्हेत. परंतु त्यांची भाषा जाणकार वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

नानासाहेब : बाई, तुमचा आक्षेप मला मुळापासून समजावून घ्यायचा आहे. ज्या मुलाला फळा दिसत नाही त्याला समीकरणांच्या आणि परीक्षानळीतल्या रंगांच्या जाचातून सोडवणारी ही सवलत म्हणजे कोणा कारकुनाची लहर नव्हे. त्या मुलाने दोन विषयांपायी जन्मभर दहावी नापास म्हणून राहावे, हे पाहवत नाही म्हणून ती आहे. दाखला हाती पडला तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी नोकरीत राखून ठेवलेल्या चार टक्के जागांपैकी एखादीसाठी अर्ज तरी करता येतो. तो दाखलाच मिळू नये, असे तुमचे म्हणणे आहे काय?

बाई : सवलत रद्द करा असे मी कधीच म्हणणार नाही, नानासाहेब. माझी तक्रार ती केव्हापासून लागू होते याविषयी आहे. कागदोपत्री ती दहावीची सवलत; परंतु हे मूल पुढे विज्ञान घेणारच नाही असे शाळेच्या मनाने एकदा घेतले, की तिचा अंमल पाचवी-सहावीपासूनच सुरू होतो. इतर मुले मेजाभोवती गोळा होतात तेव्हा त्याला ‘तू बसूनच ऐक’ असे सांगितले जाते, आणि ते सांगणाऱ्याच्या आवाजात इतकी माया असते की त्याविरुद्ध तक्रार करणे मुलालाही कृतघ्नपणाचे वाटावे. मग दहावीत प्रस्ताव जातो, सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र जोडले जाते, मंजुरी येते. आणि अकरावीच्या विज्ञानशाखेची वाट, त्या मुलाला तिची इच्छा होती की नव्हती हे कोणीही न विचारता, तेथेच खुंटते.

नानासाहेब : परंतु मेजाभोवती त्याला उभे केले तर ते करणार काय? आम्लाची बाटली त्याच्या हाती द्यायची? स्पिरिटचा दिवा? उद्या काही बरेवाईट झाले तर जबाब मुख्याध्यापकाला द्यावा लागेल. त्या दिवशी आपल्यातले कोणीही त्याच्या बाजूला उभे राहणार नाही. मी तपासणीला जाई तेव्हा प्रयोगशाळेच्या दारावरचे कुलूप पाहून मला राग येत असे, हे खरे. पण ते कुलूप कोणत्या भीतीने घातलेले आहे तेही मी ओळखून होतो.

बाई : ज्या अंध मुलीला आपण स्पिरिटच्या दिव्याजवळ जाऊ देत नाही ती घरी चुलीवर भाकऱ्या भाजते. विस्तव कोठे आहे हे तिला उष्णतेवरून, भाकर फुगली हे वासावरून आणि हाताच्या पाठीवरून कळते. प्रयोगाच्या मेजावर तिला एवढेच हवे असते, की कडा असलेल्या एका परातीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, ती जागा तिने काम सुरू करण्यापूर्वी चाचपून घेतलेली असावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि जोडीला एक समंजस मूल असावे. यांतील कोणती गोष्ट डोळस मुलांना नको असते, ते सांगा.

नानासाहेब : मान्य. तरी रंगाचे काय? आम्ल आणि आम्लारी ओळखायचे ते लिटमसच्या रंगावरून. निसर्गानेच तेथे दार लावून घेतले आहे, त्याला शिक्षणखाते काय करणार?

बाई : हे दार निसर्गाने लावलेले नाही, आपल्या सवयीने लावलेले आहे. एन्‌सीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, लिटमसच्या त्याच प्रकरणात, कांद्याचा प्रयोग दिलेला आहे. कांदा बारीक चिरून प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाच्या चिंध्यांबरोबर रात्रभर ठेवायचा, म्हणजे चिंध्यांना त्याचा दर्प लागतो. दुसऱ्या दिवशी एका चिंधीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे, दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे, आणि दोन्ही पाण्याने धुऊन हुंगायच्या. आम्लाच्या चिंधीवर वास टिकतो, आम्लारीच्या चिंधीवरचा निघून जातो. लवंगेचे तेल आणि व्हॅनिलाचा अर्क यांचीही तीच गोष्ट. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर, खेड या कांद्याच्या मुलखात या प्रयोगाला खर्च तो काय यायचा? मी हा प्रयोग मुद्दाम सगळ्या वर्गाला करायला लावते, आणि तेथे अंध मूल कोणाच्याही मागे राहत नाही.

येथे मध्येच एक गोष्ट नमूद करणे अवश्य वाटते. पाठ्यपुस्तकात असलेला हा प्रयोग अंध विद्यार्थ्यासाठी म्हणून तेथे घातलेला नाही. गंधदर्शक पदार्थ हा रसायनशास्त्राचाच भाग आहे म्हणून तो आहे. निरीक्षण या क्रियेचा संबंध आपण एका डोळ्याशीच जोडून ठेवला, आणि मग डोळे नसलेल्याला निरीक्षण अशक्य असा निष्कर्ष काढला. पहिली गोष्ट आपणच केली होती हे मात्र विसरलो. यॉर्कशायरमधील एका खेड्यात १६८२ साली जन्मलेला आणि तान्हेपणीच देवीच्या रोगाने दोन्ही डोळे गमावलेला निकोलस सॉन्डरसन पुढे १७११ मध्ये केंब्रिज येथे, ज्या पीठावर एकेकाळी न्यूटन होता त्याच पीठावर, गणिताचा प्राध्यापक झाला, आणि तेथे त्याने विद्यार्थ्यांना जे शिकवले त्यात प्रकाशशास्त्रही होते. आकडेमोडीसाठी त्याने छिद्रांची पाटी आणि टाचण्या यांची बोटांनी वाचता येणारी पद्धत रचली होती. आपल्या अंधशाळांतून आजही जी टेलर फ्रेम वापरतात, तीत अष्टकोनी छिद्रांतून धातूचे ठोकळे वेगवेगळ्या दिशांनी बसवून आकडे मांडायचे असतात. कल्पनेचे कूळ एकच. तेव्हा जी गोष्ट अठराव्या शतकाच्या आरंभी साध्य झाली तिच्यासाठी आपण एकविसाव्या शतकात यंत्रसामग्रीच्या अभावाची सबब सांगावी, हे काही शोभत नाही.

नानासाहेब : थोर पुरुषांची उदाहरणे मला देऊ नका. ती सभेत टाळ्या घेतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

बाई : बरे, मग थोर पुरुष नको, सामान सांगते. तापमान आणि काळ यांचा आलेख काढायचा तर थर्मोकोलच्या तुकड्यावर चौकटीचा कागद, बिंदूच्या जागी टाचण्या, आणि त्यांवरून ताणलेला दोरा. मूल बोट फिरवून सांगते की पाणी उकळू लागल्यावर रेषा आडवी झाली. द्रव मोजायचा तर औषधाची पिचकारी, तिच्या दट्ट्याला दर पाच मिलिलिटरला चाकूने पाडलेली खाच. प्रकाशाचे प्रयोग करायचे तर प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो असा एक लहानसा घटक, एक घुमणारे मंडल आणि बॅटरी. शे-दीडशे रुपयांत हे उपकरण आठवीतली मुलेच जोडू शकतात, आणि मग उजेड वाढला की त्याचा स्वर चढतो, द्रावणाचा रंग गडद झाला की उतरतो. ज्या शाळेत संगणक आहे तेथे एन्‌व्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य चालतो. तो मुळात ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी लिहिला, आणि त्यावर मराठीही ऐकता येते. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. ते जेथे आले आहे तेथे त्रिमितीय छपाईयंत्रही असते. त्यावर हृदयाची, पेशीची, जिल्ह्याच्या नकाशाची हाताला कळणारी प्रतिकृती काढावी असे कोणाच्या मनात येत नाही, आणि पाहुणे आले की चावीच्या साखळ्या मात्र छापल्या जातात.

नानासाहेब : सामान स्वस्त आहे, हे मी धरून चालतो. माणूस स्वस्त आहे काय? वर्गात पन्नास-साठ मुले, विज्ञानाचा शिक्षक एक, त्याच्याकडे गणितही असते आणि निवडणुकीचे कामही. तुम्ही स्वतः त्या शाळेत महिन्यातून किती वेळा पोहोचता? तुमच्या फेरीच्या दिवशी कांदा चिरला जाईल; उरलेल्या दिवसांचे काय?

बाई : या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. मी त्या मुलाला शिकवायला जाते हा समजच चुकीचा आहे. मी त्याच्या शिक्षकाला शिकवायला गेले पाहिजे. परंतु मी वर्गात शिरले की शिक्षक त्या मुलाला माझ्या हवाली करतात आणि आम्हां दोघांना वेगळ्या खोलीत बसवतात. ती खोली, ते मूल आणि मी, मिळून एक लहानशी विशेष शाळा होते, आणि समावेशनाच्या रकान्यात मात्र हजेरी लागते.

नानासाहेब : मग खरीच विशेष शाळा काय वाईट? तेथे ब्रेल जाणणारे शिक्षक असतात, सोबतीला स्वतःसारखी मुले असतात. खेड्यातल्या शाळेत तो एकटा. एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण एस.टी. फाट्यावर थांबते आणि शाळा तेथून दूर. उताराचे म्हणाल तर नियम एकास बाराचा आहे, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या जोत्याला तीन मीटर साठ सेंटिमीटरचा उतार हवा. मी पाहिलेले कित्येक उतार असे होते की त्यांवरून चाकाची खुर्ची वर नेण्यापेक्षा उचलून नेणे सोपे. तपासणीच्या कागदावर मात्र ‘उतार आहे’ असेच लिहावे लागे, कारण मापाचा रकाना नव्हता.

बाई : विशेष शाळेला मी वाईट म्हणणार नाही. तिच्याकडे जो हात शिकवण्याचा वारसा आहे तो आमच्या शाळांना मिळाला असता तर किती बरे झाले असते! परंतु तो वारसा वेताच्या खुर्च्या विणणे, खडू आणि मेणबत्त्या करणे, येथेच फार दिवस अडकून राहिला. ज्या बोटांना वेताची वीण कळते त्यांना मोटारीची वेटोळी कळली नसती काय?

नानासाहेब : आणि कर्णबधिर मुले? त्यांच्याविषयी तरी माझे ऐकाल. ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी, खेड्यात, जन्मतः बहिरे मूल जन्मले तर घरातल्या चार खुणांपलीकडे त्याला सहाव्या वर्षापर्यंत कोणतीही भाषा मिळत नाही. त्याला गावच्या शाळेत बसवून तुम्ही कितीही प्रयोग दाखवलेत, तरी प्रश्न विचारायला त्याच्याकडे भाषा कोठे आहे? भाषा भाषा बोलणाऱ्यांतच येते, आणि खुणांची भाषा बोलणारी मुले त्याला जिल्ह्याच्या निवासी शाळेतच भेटणार.

बाई : येथे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि मी ते आडपडदा न ठेवता मान्य करते. बहिऱ्या मुलाला प्रथम बहिऱ्यांची सोबत हवी, प्रयोगशाळा त्यानंतर. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय कोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा झाल्या आणि त्यांत शालेय विषयांच्या संज्ञाही आल्या. पण कोश घेऊन बसलेले एकटे मूल बोलणार कोणाशी? मात्र भाषा आल्यावर तेच मूल प्रयोगात सगळ्यांच्या पुढे असते. ध्वनीचा पाठही त्याला वर्ज्य नाही. नादकाटा आपटून पाण्याला टेकवला की पाणी उडते, फुगा छातीशी धरून ढोलासमोर उभे राहिले की कंप अंगात शिरतो. त्याला अडवतो तो ध्वनी नव्हे, फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक.

नानासाहेब : एवढे एक तुम्ही कबूल केलेत, तर मीही एक विचारतो. आंध्रातला तो श्रीकांत बोल्ला. त्याचे नाव तुम्ही अजून कसे घेतले नाही? तुमच्या बाजूचे सगळे लोक घेतात.

बाई : तुम्ही थोरांना मज्जाव केलात म्हणून. मच्छलीपट्टणमजवळच्या खेड्यातला जन्मांध मुलगा, दहावीत उत्तम गुण, तरी अकरावीला विज्ञान मागितले तेव्हा अंधाला ते देता येत नाही असे उत्तर. तो न्यायालयात गेला, परवानगी मिळवली, बारावीला ९८ टक्के गुण घेतले, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला आणि परत येऊन २०१२ साली स्वतःचा कारखाना काढला.

नानासाहेब : आणि त्याचे शालेय शिक्षण कोठे झाले? हैदराबादच्या अंधशाळेत! गावच्या शाळेत तो शेवटच्या बाकावर बसून राहिला होता. तेव्हा हे उदाहरण तुमचे की माझे?

बाई : दोघांचेही नाही. शाळेने त्याला अडवले नाही आणि बुद्धीनेही नाही. अडवले ते छापील नियमाने. एका मुलाला तो नियम ओलांडण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. ज्याच्या बापाला तालुक्याच्या कचेरीतसुद्धा बोलायची छाती होत नाही, त्याने काय करायचे?

नानासाहेब काही वेळ थांबले असावेत. कारण यानंतर त्यांनी जे काढले ते त्यांच्या बाजूचे सर्वांत बळकट अस्त्र होते, आणि ते त्यांना स्वतःच्या खात्याविरुद्धच उचलावे लागले.

नानासाहेब : आता मी तुम्हांला माझ्या नोकरीतले खरे सांगतो. दिव्यांग मुलाला प्रयोग करू दिला जात नाही, असे तुम्ही म्हणता. डोळस, धडधाकट मुलाला तरी कोण करू देतो? विज्ञानाचे लेखी ऐंशी गुण आणि अंतर्गत वीस. त्या विसांसाठी प्रयोगवही लागते. ती वही मुले एकमेकांची पाहून लिहितात, शिक्षक सह्या करतात, आणि गुण वाटले जातात. काचसामान फुटले तर जडसंग्रह नोंदवहीतून ते निर्लेखित करून घेण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागतो त्याच्या धास्तीने चंचुपात्रे कपाटाबाहेरच येत नाहीत. मी कित्येक शाळांच्या शेरेपुस्तकात ‘साहित्य सुस्थितीत आहे’ असा चांगला शेरा लिहून आलो. सुस्थितीत होते, कारण कोणी हात लावला नव्हता. आता जी गोष्ट शंभरांपैकी शंभर मुलांना मिळत नाही ती चार मुलांना मिळावी म्हणून तुम्ही भांडता आहात.

बाई : नाही. त्या चार मुलांमुळे ती शंभरांना मिळेल म्हणून भांडते आहे. डोळस मुलाची प्रयोगवही नकलून चालते, कारण उकळत्या पाण्याचे चित्र त्याने निदान पुस्तकात पाहिलेले असते. अंध मुलाला चित्र नाही, फळा नाही. त्याच्यापुढे प्रत्यक्ष वस्तू ठेवल्याशिवाय शिक्षकाला पर्यायच उरत नाही. त्याच्यासाठी एकदा कपाट उघडले, की ते उघडेच राहते.

या मुद्द्यावर मला बाईंचा पक्ष घ्यावासा वाटतो, आणि त्याचे कारण याच पुणे जिल्ह्यात सापडते. शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी, मुंबईतील मोठ्या कंपनीच्या संशोधनविभागातील आपले काम सोडून, १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो नेमक्या याच विचाराने, की शाळेने टाकून दिलेली मुले बुद्धीने मंद नसतात; हातांना काम न देता त्यांची परीक्षा घेतली गेलेली असते. तेथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत, शेतात, विजेच्या जोडणीत आणि अन्नप्रक्रियेत घालवायला लावतो, आणि गावातली खरी कामे मुलांकडून करून घेतो. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेच्या पुढाकाराने २००२ साली फॅब लॅब पाबळला आली, ती अमेरिकेबाहेरील आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक होय. हा अभ्यासक्रम दिव्यांग मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नव्हता. परंतु ज्या शाळेत तो चालतो तेथे शेगडा आहे, करवत आहे, वजनकाटा आहे, आणि या वस्तूंना हात लावण्यासाठी मुलांना कोणाची परवानगी काढावी लागत नाही. अशा शाळेत अंध मुलाला कानशीने पत्र्याची कड घासू देणे हा अपवाद ठरत नाही. छिद्र पाडायचे असेल तर साचा बसवून द्यावा, एवढाच वाढीव विचार करावा लागतो. मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेले मूलही तेथे डाळ तोलून पुडे बांधताना सर्वांत बिनचूक ठरू शकते, कारण कंटाळा हा त्याचा शत्रू नव्हे.

नानासाहेब : तरी माझी शेवटची शंका राहतेच. एवढे सगळे करून दहावीला ते मूल विज्ञानात नापास झाले, तर बापाला काय सांगाल? तो माझ्याकडे येईल, तुमच्याकडे नाही.

बाई : सवलत आहेच ना तेव्हा! मी ती पुसायला निघालेले नाही. फक्त ती शेवटी वापरावी, आधी नव्हे; आणि मुलाला विचारून वापरावी.

नानासाहेब : विचारून! आमच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

संवाद येथे थांबवतो, कारण यापुढे दोघेही तेच तेच बोलू लागतील. नानासाहेबांच्या तीन गोष्टी मी पूर्णपणे मान्य करतो. कर्णबधिर मुलाला समभाषिकांची सोबत आधी हवी; महिन्याकाठी येणाऱ्या विशेष शिक्षिकेवर समावेशनाचा सगळा भार टाकणे ही शासनाची स्वतःचीच फसवणूक आहे; आणि मुख्याध्यापकाला निर्भय केल्यावाचून, म्हणजे फुटलेल्या काचेचा हिशेब सोपा केल्यावाचून, कोणत्याही मुलासाठी कपाट उघडणार नाही. परंतु प्रयोगाचा मेज कोणासाठी आहे या मूळ प्रश्नावर निकाल बाईंच्या बाजूने द्यावा लागतो. २०१६ च्या अधिनियमाचे १७ वे कलम लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य आणि साहाय्यक उपकरणे विनामूल्य पुरवण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. खाच पाडलेली पिचकारी आणि बोलका तापमापक या तरतुदीत सहज बसतात. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की पर्यायी विषयाचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे धाडण्यापूर्वी त्या मुलाने आठवी-नववीत स्वतःच्या हातांनी कोणते प्रयोग केले याची यादी त्याला जोडावी, आणि त्याखाली मुलाची स्वतःची सही अथवा अंगठा घ्यावा. यादी कोरी असेल, तर प्रस्ताव पाठवण्याची घाई करू नये.